रेव्होक्स ए७७: घरी खोलून, दुरुस्त करून वापरलेल्या स्पूल मशीनचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. रेव्होक्स ए७७ हा मोठ्या उघड्या रिळांवर (स्पूलवर) टेप फिरणारा जुना टेपरेकॉर्डर आज सुद्धा घेण्यासारखा आहे आणि घरी बसून दुरुस्त करायला तर लई भारी आहे, पण हेड, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणारे भाग, चांगले असतील तरच. फुटलेले कंडेन्सर, खरखरणारे प्रीसेट (आतले सेटिंगचे छोटे फिरते कंट्रोल), काळा पडलेला रिले (विजेनं चालणारं स्विच) हे सगळं थोडक्या पैशात सुटतंय. हेड झिजलेले असले तर मशीन बाहेरनं कितीही चकाचक असू दे, हात लावू नका. ओएलएक्सवर फोटो टाकणारे नेमके लाकडी बॉक्सचे आणि व्हीयू मीटरचे (आवाजाची पातळी दाखवणारे काटे) फोटो टाकतात, हेडचा एक पण नसतो.

माझं मशीन मंगळवार पेठेतल्या एका ओळखीच्या घरातलं. काका नोकरीला जर्मनीत होते, येताना हे घेऊन आले, ते गेल्यावर माळ्यावर गेलं. काकू म्हणाल्या, "ने बाबा, निदान माळ्यावरची जागा तरी मोकळी होईल." पैसे घेतले पण घरातल्या माणसाला शोभतील एवढेच. सोबत एक ट्रंक भरून स्पूल, त्यावर काकांच्या अक्षरात राग आणि साल, गाणाऱ्याचं नाव कुठं आहे कुठं नाही. कोल्हापुरात असल्या ट्रंका अजून बऱ्याच घरात निघतील बघा, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायचे तेव्हापासनं इथं गाणं ऐकायची आणि घरी बैठका करायची सवय लागलेली आहे आणि देवल क्लबात (इथली जुनी संगीत संस्था) मागं बसणाऱ्या हौशी लोकांपैकी कुणाकडं ना कुणाकडं टेप असायचीच.

आता मशीन. विली स्टुडर या स्विस माणसाच्या कंपनीनं १९६७ ला काढलं आणि १९७७ ला बी७७ आलं तोवर चाललं, मार्क १ ते मार्क ४ अशा आवृत्त्या. यात तीन मोटर आहेत, दोन रिळांना दोन आणि कॅपस्टनला (टेप ठरलेल्या वेगानं ओढणारा दांडा) एक, आणि टेप फिरवायला बेल्ट एकही नाही. हे वाक्य दोनदा वाचा. त्या काळातले एका मोटरचे जे जपानी नाहीतर ग्रुंडिगचे डेक आपल्याकडं सापडतात त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये बेल्ट वितळून डांबर झालेलं असतंय, ते पुसता पुसता रविवार जातोय आणि मग नवा बेल्ट मापाचा मिळत नाही. इथं तो प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅपस्टनचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतंय, मोटरजवळचं टॅको हेड वेग मोजत राहतंय आणि सर्किट त्याप्रमाणं करंट कमी-जास्त करतंय, त्यामुळं लाइनच्या फ्रिक्वेन्सीशी त्याचं घेणंदेणं नाही. साध्या एसी मोटरचा अमेरिकन डेक कुणी आणला असेल तर तो ६० हर्ट्झचा, आपल्या ५० हर्ट्झवर तो सहाव्या हिश्श्यानं हळू फिरतोय, म्हणजे काळी पाचला (पेटीवरची पट्टी) गाणारी बाई पांढरी पाचला उतरते. पुली बदलल्याशिवाय त्याचं काही होत नाही. ए७७ ला फक्त मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघायचा. त्यावर २२० पण आहे आणि २४० पण आहे, आमच्याकडं रात्री लाइन चढते म्हणून मी २४० वरच ठेवलाय.

घ्यायला जाल तेव्हा मागं एक डमी प्लग आहे का बघा. रिमोटच्या सॉकेटमध्ये एक छोटा गोल प्लग बसवलेला असतोय, तो नसला तर मशीनला लाइट येते पण प्ले होत नाही आणि विकणारा बिचारा "बंद आहे, पार्टससाठी" म्हणून स्वस्तात देऊन टाकतो. तसंच टेप न लावता प्ले दाबलं तरी हे चालत नाही, कारण टेप संपली हे ओळखायला एक छोटा बल्ब आणि समोर फोटोसेल आहे, मधे टेप नसली की तो मशीन थांबवतो. दुकानात रिकामं तपासायचं असेल तर त्या फटीत कागदाचा तुकडा धरा. या दोन गोष्टी माहीत असल्या तर भाव करताना गप्प बसायचं, एवढंच.

मग नंबर प्लेट. ११०२ म्हणजे हाफ ट्रॅक (टेपच्या रुंदीत दोन पट्टे), ११०४ म्हणजे क्वार्टर ट्रॅक (चार पट्टे). घरगुती स्टिरिओ टेपा बहुतेक क्वार्टर ट्रॅकच्या असतात, एका बाजूनं भरून उलटवून परत दुसऱ्या बाजूनं भरलेल्या. त्या हाफ ट्रॅक मशीनवर लावल्या तर भूप चालू असताना मागनं दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं ऐकू येतंय, ऐकायला भुताटकी वाटते पण खराबी काही नाही, हेड रुंद आहे म्हणून दोन्ही ट्रॅक उचलतंय. माझं ११०४ आहे, ट्रंकेतल्या टेपांना तेच पाहिजे होतं.

हेड बघायचे तर टॉर्च घेऊन वाकून बघा. टेप जिथून जाते तिथं घासून सपाट पट्टा पडतोय, थोडा असतोच, तो अरुंद आणि दोन्ही चॅनलला सारखा असला तर ठीक. नखानं वर-खाली चाचपलं आणि कडेला पायरी लागली, किंवा मधली बारीक गॅप डोळ्याला दिसायला लागली की संपलं. हेड लॅपिंग (झिजलेलं हेड घासून परत नीट करणं) करून देणारे लोक बाहेरदेशी आहेत, पण जाण्यायेण्याचं कुरिअर आणि कस्टम धरलं तर दुसरं मशीन येईल.

आता खोलायचं. माळ्यावरनं काढून थेट प्लगमध्ये घालू नका कृपा करून. आपल्या टीव्ही मेकॅनिकांची सिरीज बल्बची पद्धत एक नंबर आहे, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायचा, आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि मशीन वाचतंय. माझ्यात बल्ब फुल पेटला. कारण तेच जे सगळ्या ए७७ चं असतंय, रिफा कंपनीचे पिवळसर, आरपार दिसणारे पेपर कंडेन्सर. त्यांच्या प्लास्टिकला तडे जातात, तड्यातनं दमट हवा आत जाते, आत कागद आहे तो ओल पितो आणि एक दिवस करंट दिला की फुटून पांढरा धूर आणि असला वास की शेजारी विचारायला येतात. कोल्हापूरचा पावसाळा सोसलेला रिफा मशीनमध्ये ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. चालत असला तरी काढायचा. त्या जागी एक्स-टू क्लासचा फिल्म कंडेन्सर, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, लाइनला चालणारा. साधा ४०० व्होल्ट डीसीचा लावून "चालतंय की" म्हणणारे मेकॅनिक आहेत, त्यांचं ऐकू नका.

मोटरचे कंडेन्सर वेगळे, ते पत्र्याच्या डब्यातले. पंख्याच्या कंडेन्सरची दुकानं गल्लोगल्ली आहेत म्हणून सोपं वाटतंय पण डब्यावर जी व्हॅल्यू छापलीय तीच पाहिजे, पंख्याचा २.५ चा हाताशी आहे म्हणून तोच ठोकायचा नाही, रिळाची ओढ बदलते आणि मोटर तापायला लागते.

ऑडिओ कार्डवर फ्राको कंपनीचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात, ते गळतात नाहीतर शॉर्ट होतात. सगळेच बदलले, एक-एक तपासत बसण्यात अर्थ नाही. आणि इथं स्टुडरच्या इंजिनिअर लोकांना दंडवत घालावा वाटतोय. कार्डं सगळी सॉकेटमध्ये बसलेली, ओढलं की हातात येतात, टेबलावर घेऊन आरामात सोल्डर करा आणि परत खोचा. चेसिस ॲल्युमिनियमचं ओतीव, वाकडंतिकडं होत नाही, फौंड्रीवाल्या गावातल्या माणसाला बघूनच बरं वाटतंय. स्क्रू सगळे सरळ पोहोचता येतील असे. अलीकडं घेतलेला साउंडबार मी एकदा खोलायचा प्रयत्न केला, त्याच्यावर बोलायलाच नको.

प्रीसेट पण बदला, छोटे उघडे असतात ते. काढायच्या आधी प्रत्येकाचं मीटरनं माप घेऊन कागदावर लिहून ठेवा, नवा साधारण तेवढ्यावर लावून मग बसवायचा, म्हणजे मशीन निदान जवळपास सुरात उठतंय. रिलेचे कॉन्टॅक्ट जाड कागदाला स्पिरिट लावून साफ केले, सँडपेपर अजिबात नाही. आणि हे सगळं प्लग काढून, पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर रेझिस्टर लावून उतरवून मग. आत २३० व्होल्ट उघडे आहेत, ट्रान्झिस्टरचं मशीन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ज्यानं आयुष्यात सोल्डरिंग केलेलं नाही त्यानं याच्यावर शिकू नये हे माझं स्पष्ट मत, आधी एखादा रेडिओ फोडा.

सामानाचं म्हणाल तर रेझिस्टर, साधे इलेक्ट्रोलिटिक गावातच मिळाले. एक्स-टू कंडेन्सर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातनं आणले, प्रीसेट ऑनलाइन. पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबणारं रबरी चाक) मात्र जर्मनीतनं मागवावा लागला. जुना दगडासारखा कडक आणि वरनं चकचकीत झालेला, साबणाच्या पाण्यानं धुतला तर जरा बरा झाला पण लांब सुरावर हलकं डुगडुगणं राहिलं. सतारीला ते खपून जाईल, तानपुऱ्याला नाही खपत. रोलरच्या किमतीएवढंच टपाल आणि कस्टम पडलं, तरी या मशीनवर केलेला सगळ्यात कामाचा खर्च हाच. मशीन सोडून एकूण सामानाला बारा-तेरा हजार गेले असतील.

ब्रेकचं एक सांगतो. रिळांच्या ड्रमवर पट्ट्या आहेत, त्यावर तेलाचा थेंब पडला तर रडाल. ड्रम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे आणि दोन्ही बाजूचे ब्रेक सारखे लागतात का बघायचं, एक बाजू ढिली असली की फास्ट वाइंडिंगमधनं स्टॉप दाबल्यावर टेपच्या शेवया जमिनीवर. आणि फास्ट जाताना थेट प्ले कधीच दाबू नका. ए७७ ला रीळ फिरतंय का थांबलंय हे कळत नाही, ती अक्कल पुढं बी७७ मध्ये आली. इथं आधी स्टॉप, रीळ पूर्ण थांबू दे, मग प्ले. नाहीतर टेप ताणून दोरी होते. या मशीनची मला खटकणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरायला देता येत नाही.

साडेदहा इंची मोठं रीळ बसवायचे ॲडॉप्टर माझ्या मशीनसोबत आले नव्हते. ते घेऊन... म्हणजे त्याचं ड्रॉइंग घेऊन उद्यमनगरात, इथल्या छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, एका लेथवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागद उलटा-सुलटा केला, "पावणं, ह्ये कुठल्या पंपाचं म्हनायचं?" मी म्हटलं मामा गाण्याचं मशीन आहे. "गान्याला शंभरातला हिस्सा कशाला लागतोय?" पण बसले आणि ॲल्युमिनियमची जोडी अशी कातून दिली की रीळ डोलत नाही. लॉक ओरिजिनलसारखा फिरवून बसत नाही, मागनं स्क्रू घालावा लागतो, चालतंय. उद्यमनगर असलेल्या गावात जुनं मशीन बाळगायचा हा फायदा, मुंबईत यासाठी कुणी उभं करून घेतलं नसतं. मोठं रीळ का पाहिजे म्हणाल तर ३६०० फुटांची टेप सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच्या वेगाला एका दिशेनं ३ तास १२ मिनिटं चालते, म्हणजे ख्यालापासनं भैरवीपर्यंत टेप न बदलता. सात इंचीवर १२०० फूट असली तर त्याच वेगाला ६४ मिनिटं, दुपटीच्या वेगाला ३२, आणि बैठकीत टेप नेमकी द्रुतच्या मधे संपते.

ॲलाइनमेंटवर फार लिहीत नाही. फक्त जुन्या टेपा कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतील तर रेकॉर्डिंगचा बायस वगैरे सोडून द्या, प्लेबॅकची लेव्हल आणि ॲझिमथ (हेडचा टेपशी कोन) एवढं बघा. कॅलिब्रेशन टेप मिळते, एमआरएल नावाची, अमेरिकेतनं, महाग आहे. ज्यांच्याकडं दहा-वीसच टेपा आहेत त्यांनी दोन्ही चॅनल मोनो करून हेडचा स्क्रू अगदी हळू फिरवत जिथं तबल्याची चाट सगळ्यात स्पष्ट ऐकू येईल तिथं थांबावं. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याचं ॲझिमथ वेगळं असू शकतंय म्हणून हे टेपगणिक बघावं लागतं, आधी स्क्रूची मूळ जागा मार्करनं खूण करून ठेवा. हेड आणि गाइड डीमॅग्नेटाइझ करताना मशीन बंद, आणि डीमॅग्नेटायझर चालू असताना हळूहळू हातभर लांब नेऊन मग बंद करायचं, जवळ धरून बटण दाबलं तर होतं त्यापेक्षा जास्त चुंबक करून ठेवाल.

मशीनचं झालं, आता खरी डोकेदुखी टेपची. ट्रंकेतली प्रत्येक टेप आधी उजेडाकडं धरली. रीळ आरपार उजळ दिसलं तर ॲसिटेट, जुनी, ताणत नाही, तटकन तुटते, पण तुटलेली कड स्वच्छ असते म्हणून जोडायला बरी. व्हिनेगरचा वास आला तर ती खराब व्हायला लागलीय, सगळ्यात आधी तीच कॉपी करा आणि बाकीच्यांपासनं लांब ठेवा. काळपट दिसली तर पॉलिएस्टर. त्यात ज्यांच्या मागं काळा थर आहे अशा काही, ॲम्पेक्स ४५६ सारख्या, चिकट होतात, वाजताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी राड सोडतात. त्यांना पन्नास-पंचावन्न डिग्रीला काही तास शेकायचं असतंय, फळं वाळवायच्या डीहायड्रेटरमध्ये जमतं, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नको कारण त्याचा आकडा खरा नसतो. ॲसिटेट चुकून पण शेकू नका. बुरशी लागलेलीला आधी मास्क घालून, बाल्कनीत, मऊ कापडानं, मशीनवर थेट नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरी कुंभार गल्लीच्या बाजूला कुणाकडं भिजलेल्या टेपा असतील तर टाकून देऊ नका. चिखल डिस्टिल्ड वॉटरनं धुवून सावलीत पंख्याखाली सुकवा, ऊन नको, हेअर ड्रायर नको. पॉलिएस्टर असली तर बऱ्याचदा वाचते.

आणि एक वेगाचं. बॅटरीच्या नाहीतर स्वस्त मशीनवर भरलेल्या टेपा पावणेपाच सेंटिमीटर वेगाच्या पण असतात, साध्या ए७७ ला तो वेग नाही, साडेनऊ आणि एकोणीस दोनच. मग साडेनऊला वाजवून ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करायचं आणि ऑडॅसिटीमध्ये (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) वेग निम्मा करायचा. ट्रेबलचा हिशोब थोडा इकडंतिकडं होतो, कानानं दुरुस्त करा.

आवाज? एकोणीसच्या वेगाला भरलेली एक टेप होती, वर फक्त "जैतश्री" आणि साल. हिस (टेपचा सूं आवाज) आहे, असणारच. पण तानपुरा भिंतीएवढा रुंद उभा राहतो आणि बाईंचा आवाज त्याच्या पुढं दोन हात, हे मला मोबाइलवर ऐकून कधी कळलं नव्हतं. तबला मात्र पार फाटलाय, माईक डग्ग्याजवळ ठेवला असणार, आणि मधेच कुणीतरी "चहा सांगा" म्हणतंय. तो दोष मशीनचा नाही. काकूंना पेनड्राइव्हवर दिलं तर म्हणाल्या, "तबला कोण वाजवतोय, जरा बारीक कर की." ते काही करता येत नाही म्हटल्यावर वैतागल्या.

नवीन टेप भरायची हौस असेल तर फ्रान्सची रेकॉर्डिंग द मास्टर्स कंपनी अजून बनवते, त्यांची एलपीआर ३५ टेप या मशीनला छान चालते, पण एका रिळाच्या पैशात चार जणांचं पांढरा-तांबडा रश्शासकट जेवण होतंय, तेव्हा मी रेकॉर्डिंगच्या फंदात पडलेलो नाही. रेकॉर्ड साइडला उजव्या चॅनलची लेव्हल अजून थोडी कमी आहे आणि ती तशीच राहणार.

कुणी घ्यावं: ज्याच्या घरात टेपा आहेत आणि हातात सोल्डरिंग आयर्न आहे त्यानं नक्की. ज्याच्याकडं पाच-सहाच टेपा आहेत त्यानं मशीन घेऊ नये, ज्याच्याकडं आहे त्याला गाठावं, स्वस्त पडेल. नुसतं दिवाणखान्यात फिरती रिळं दिसावीत म्हणून घेणाऱ्यानं एखादं बंद पडलेलं घ्यावं, चालू मशीन अडवू नये.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात कुणाकडं ए७७ चे ओरिजिनल ॲडॉप्टर किंवा डाव्या व्हीयू मीटरचा बल्ब जास्तीचा पडून असेल तर खाली सांगा, पैसे देतो, नाहीतर बदल्यात मामांकडनं कातून घेतलेली एक जोडी देतो.